सोडण्याआधी

जामनेर रोडला मुश्ताक पिंजारीच्या दुकानात
दुपारी दोनला सावलीसुद्धा पत्र्याला चिकटते.
नाना पंख्याखाली स्टुलावर,
मी जमिनीवर उकिडवी,
समोर भिंतीला टेकून तीन टायर.
या वेळी मी पाहुणी,
दाखवायचा कार्यक्रम त्यांचा.

पहिल्याच्या कुशीवर छापलंय तीनशे चाळीस.
'हे तुले पोरं होईस्तोवर पुरंन,' मुश्ताकभाई म्हणतो.
नाना खाकरतात.
दुसऱ्यावर दोनशे.
तिसऱ्याला नक्षी जवळजवळ नाहीच,
बोटभर दोन चिरा, बाकी काळं कुळकुळीत.
'हे दुसऱ्या फेरीत तापते, तिसाव्या फेरीत संपते,
अन् पाण्याचा थेंब पडला
तं तू थेट देवाघरी.'

त्याचा आजा कापूस पिंजायचा.
सरकीवरचा तंतू दोन अंगठ्यांत ताणून
डोळे मिटून लांबी सांगायचा.
हा तसंच रबरात नख रुतवतो,
खूण किती वेळात भरून येते ते मोजतो
ओठ न हलवता.
मग कडेचे चार आकडे दाखवतो:
चौदावा आठवडा, साल चोवीस.
'मोठ्या दुकानात सस्तं भेटंन.
पण दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलेलं रबर
म्हंजे कळण्याची शिळी भाकर.
दिसते गोल, वाकत नाही.'

मी जळगावला बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजते.
कोणाला न सांगता दोन बोनस बाजूला ठेवलेत
कोईमतूरच्या ट्रॅकवरच्या एका दिवसासाठी.
मागच्या खेपेला साध्या टायरांवर गेले.
चौथ्या वळणावर पुढची चाकं किंचाळली,
गाडी सरळच निघाली गवताकडे,
संध्याकाळी पाहिलं तर बाहेरच्या कडा
भरिताच्या भाजल्या वांग्यासारख्या सोललेल्या.
नानांना सांगितलं, खड्डा होता.

'पकड कोणाची जास्त?' मी विचारते.
त्याचं बोट तिसऱ्याकडे.
'पण ते सांगत नाही.
धरते, धरते, अन् एकदम सोडते.
हे दोनशेवालं आधी कुरकुर करते.
स्टेअरिंग हलकं लागते, तुह्या बोटांले समजते.
अजून शिकू राहिली ना?
सांगणारं घे.'

तेव्हा नाना बोलले. सकाळपासून पहिल्यांदा.
छत्तीस वर्षं भुसावळहून मालगाड्या ओढल्या
आणि घरात शब्द
डिझेलसारखे नोंद करून खर्चले.
'ओल्या घाटात चाक जागच्या जागी फिरायचं.
लोखंडावर लोखंड, धरणार कशाला?
मग वाळू सोडायचो रुळावर.
थोडी.
जास्त सोडली तर पुढे कमी पडायची.'
थांबले. पंख्याकडे पाहिलं.
'लोखंड काही सांगत नाही, हर्षाली.
आपणच ऐकायचं. बुडानं.'
मुश्ताकभाई असा हसला
की पंक्चरच्या टबातलं पाणी हललं.

चार दोनशेवाले.
घासाघीस झाली, उधारी नाही.
जुन्या रिमांवर चढवून झाल्यावर
नानांनी गेज हातात घेतला, चष्मा कपाळावर.
मी म्हटलं, थंड असताना अठ्ठावीस,
तापल्यावर चौतीसच्या वर जाऊ द्यायची नाही.
'थंड म्हणजे किती?'
बाहेर सेहेचाळीस होतं.
मुश्ताकभाईनं मान खाजवली.
मीही.

गच्ची रात्रीही तव्यासारखी,
म्हणून टायर घरात, कूलरसमोर.
नानांनी आपली खाट मागे सरकवली.
खोलीभर नव्या रबराचा वास,
वाळ्याचा वास त्याच्याखाली कुठेतरी.

दीडच्या सुमाराला ते पाण्याला उठले.
माठावर पेला वाजला.
परतताना अंधारात वाकले,
अंगठ्याचं नख रुतवलं,
आणि तिथेच उभे राहिले.

मी डोळे मिटून मोजत होते,
त्यांच्याबरोबर.